महिन्याचा किराणा कोपऱ्यावरून की डीमार्टातून? ग्राहक म्हणून आपण काही देणं लागतो का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. निमित्त एवढंच, की कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठनी पाचशेच्या आतल्या ऑर्डरला घरपोच देण्याचे वीस रुपये लावायला सुरुवात केली. "यांनाही आता माज आला", "ॲपवर फुकट येतं", "मग आम्ही यांच्याकडून घ्यायचंच कशाला" वगैरे सुरू झालं. आता हीच मंडळी महिन्याचं सामान कुठून आणतात, ते लिफ्टमधल्या पिशव्यांवरून अख्ख्या सोसायटीला पाठ आहे. शेठच्या वाट्याला येतं काय? ब्रेड, अर्धा डझन अंडी, दह्याचं पाकीट, पाहुणे दारात आल्यावर संपलेली साखर आणि सत्यनारायणाच्या आदल्या रात्री आठवलेला कापूर. शिवाय आपलं कुरिअर ठेवून घेणं, शाळेतून आलेल्या पोराला किल्ली देणं, सुटे पैसे देणं. याचा भाव कुठे लिहिलेला नसतो, त्यामुळे तो कोणी देतही नाही.

मी दोन्हीकडून घेतो. त्याबद्दल अपराधी वगैरे वाटत नाही. गेल्या महिन्याची यादी दोन्हीकडच्या भावांना लावून पाहिली. पाकीटबंद मालात डीमार्ट सरळ पुढे: साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं, तेलाचा डबा. सुट्या मालात मात्र फरक किरकोळ, आणि शेंगदाणे शेठकडचे सरस.

मोठं दुकान ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही, हेही सांगून टाकतो. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं, पण अपना बाजार १९४८ पासून आहे, मुंबईच्या गिरणगावात, नायगावला कामगारांनी उभा केलेला. वारणानगरला वारणा बाजार आहे, पुण्यात टिळक रस्त्यावर ग्राहक पेठ आहे. एका छताखाली सगळं रास्त भावात, ही कल्पना मराठी माणसाने सहकारातून आधीच वापरली होती. तेव्हा "मोठं म्हणजे वाईट, लहान म्हणजे बिचारं" एवढ्यावर मला थांबायचं नाही.

माझा प्रश्न असा: जिथे स्वस्त मिळेल तिथे जाणं हा माझा हक्क, मान्य. पण कोपऱ्यावरचं दुकान माझ्या अडीअडचणीला रात्री साडेनऊपर्यंत उघडं असावं, ही अपेक्षा मी कुठल्या हक्काने करतो?

आगाऊ_कार्टं

हक्क बिक्क काही नाही. सवय आहे. त्यांनी लावली, आपण लावून घेतली.

बाकी शेंगदाण्यांबद्दल अनुमोदन.

चार_पोळ्या

जरा परखड लिहिते, राग मानू नका. "ग्राहकाची जबाबदारी" हा विषय ज्यांच्या खात्यात महिनाअखेरीला काहीतरी उरतं त्यांचा आहे. आमच्याकडे एकाचा पगार, तोही कंत्राटी. प्रत्येक पाकिटामागे तीन-चार रुपये वाचले तर महिन्याच्या यादीवर मुलीच्या रिक्षाचे पैसे निघतात. शेठ मला नावाने ओळखतात, हसून बोलतात, सगळं खरं. पण ओळखतात म्हणून भाव कमी करत नाहीत.

आणि कोणी बोलत नाही ते मी बोलते. काउंटरच्या अलीकडे उभं राहून, मागे चार जण असताना, "याच्यापेक्षा स्वस्तातलं दाखवा" म्हणायची लाज वाटते. मोठ्या दुकानात मी पाकिटाची मागची बाजू वाचत उभी राहते, टोपलीत टाकलेलं परत मांडणीवर ठेवते, कोणी वळूनही बघत नाही. गरिबाला ही मोकळीक फार मोठी असते. पाकिटावर आता एमआरपीबरोबर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भावही छापलेला असतो. अक्षर मुंगीएवढं, पण असतं. मी तो बघून घेते. काउंटरवर शेठ जे पाकीट पुढे सरकवतील ते घ्यावं लागतं.

गोदाकाठ

@चार_पोळ्या, राग कसला. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. वाचणारे बाकीचे लोक यावर बोला.

तराजूवाला

बऱ्याच वर्षांनी लिहितोय, एरवी वाचनमात्र असतो. माझ्या वडिलांनी सुरू केलेलं किराणा दुकान आता मी आणि बायको चालवतो. तालुक्याचं गाव आहे, नाव देत नाही.

आधी स्वस्त-महागाचं. समजा ४० रुपये एमआरपीचा साबण आहे. एजन्सीचा सेल्समन आठवड्यातून त्याच्या ठरलेल्या वारी लाइनवर येतो, मला तो ३६ ला देतो. पेटी उचलली तर स्कीम: डझनावर एक फुकट. पण पेटी उचलायची म्हणजे एका साबणात पैसे अडकवायचे, आणि दुकानात तर साबणच पंधरा प्रकारचे लागतात. मोठ्या साखळीला कंपनी थेट माल देते. ती तोच साबण ३५ ला विकते आणि त्यातही कमावते. आकडे उदाहरणाचे आहेत, पण गणित असंच चालतं. म्हणजे त्यांचा विक्रीचा भाव माझ्या खरेदीच्या भावाखाली. तुम्ही मला "शेठ, तिकडे पस्तीसला आहे" म्हणता तेव्हा मी काय उत्तर देऊ?

त्यामुळे आमच्यातले कित्येक दुकानदार सणाच्या आधी स्वतःच डीमार्टात जाऊन काही माल उचलतात. हसू नका. ऑफरच्या मालाला एका बिलावर किती नग द्यायचे याची मर्यादा असते, म्हणून घरातले सगळे वेगवेगळ्या रांगेत उभे राहतात. माझी आई पण उभी राहिली आहे.

हे भांडण आमचं एकट्याचं नाही. एजन्सीवाल्यांनाही तेच दुखणं. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या मालाची विक्री थांबवली होती, ती याच कारणावरून: आम्हाला एक भाव आणि मोठ्या घाऊक कंपन्यांना, ऑनलाइनवाल्यांना दुसरा का? तेव्हा दुकानात टूथपेस्ट मागायला आलेल्या लोकांना वाटलं, दुकानदाराने माल भरला नाही.

आता उधारीचं. माझ्या वहीत जेवढी नावं आहेत, त्यातल्या निम्म्यांचं वेळापत्रक सांगतो. एक तारखेला पगार. दोन-तीन तारखेला रोख पैसे घेऊन मोठ्या दुकानात महिन्याचं सामान. वीस तारखेनंतर आमच्याकडे: "लिहून ठेवा". म्हणजे रोखीचा धंदा त्यांचा आणि बिनव्याजी कर्जाचा आमचा. शंभर रुपयांच्या पाकीटबंद मालावर आम्हाला सुटतात आठ-दहा. त्यात गाळ्याचं भाडं, फ्रीजचं लाइटबिल, पोऱ्याचा पगार, उंदीर, मुदत संपलेला माल. आणि वहीतला एक जण बदली होऊन गेला की दोन महिन्यांची कमाई त्याच्याबरोबर गेली.

दया मागत नाही. साबण-पावडर खुशाल तिकडून घ्या, त्यात आमचंही काही जात नाही. डाळ, शेंगदाणे, गूळ, खोबरं, पोहे, मसाला हे आमच्याकडून घ्या. त्यात आम्हाला दोन पैसे जास्त सुटतात आणि तुम्हाला माल बघून घेता येतो. आणि वहीतले पैसे पाच तारखेला द्या.

रविवारपेठी

तराजूवाला, दंडवत. असे प्रतिसाद येतात म्हणून अजून या संस्थळावर यावंसं वाटतं.

हिशोबनीस

तराजूवाल्यांच्या प्रतिसादाला दुसऱ्या बाजूची जोड देतो, नाहीतर "मोठे लुटतात" असा सूर लागेल.

डीमार्ट स्वस्त कसं देतं? बरीचशी दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत, त्यामुळे भाड्याचा मीटर पळत नाही. पुरवठादाराचे पैसे बाजाराच्या रिवाजापेक्षा फार लवकर चुकते करतात, आणि रोखीच्या बदल्यात भाव पाडून घेतात. दुकानात झगमगाट नाही, निवड मोजकी, जे खपतं तेच मांडायचं. कंपनी २०१७ पासून शेअर बाजारात आहे, ताळेबंद कोणीही वाचू शकतो: शंभराच्या विक्रीवर ढोबळ नफा पंधराच्या आसपास, सगळं वजा जाता निव्वळ उरतात साधारण चार-पाच. ही लूट नव्हे. ही आपल्या आजोबांच्या वाणसामानाच्या दुकानाची शिस्त आहे, फक्त ट्रकने.

दुसरं, पावतीचं. ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या माल-विक्रेत्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. दीड कोटीपर्यंतचे कंपोझिशन योजनेत जाऊ शकतात, उलाढालीच्या एक टक्का भरून मोकळे. ही सवलत योग्यच आहे. पण त्याचा अर्थ पावती द्यायचीच नाही असा झालाय. डाळीत खडे निघाले, तेल खवट निघालं तर तुमच्याकडे काय पुरावा? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, नवा २०१९ चा, मदतवाहिनी १९१५. सगळं आहे, पण तक्रारीला कागद लागतो. मोठ्या दुकानात तो मागावा लागत नाही. कोपऱ्यावर मागितला तर "आमच्यावर विश्वास नाही का?"

ग्राहकाच्या जबाबदारीत हेही येतं: जिथे घ्याल तिथे पावती मागा. हाताने लिहिलेली, दुकानाचं नाव असलेली चालेल.

कुरकुरीत

पावतीवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. मोठ्या दुकानात दुसऱ्या दिवशी मशीनवर नवा भाव. आमच्या गल्लीत दिवाळीपर्यंत "जुना माल आहे ताई". मग सांगा, कोणावर प्रेम करायचं?

हिशोबनीस

@कुरकुरीत, तुमची तक्रार रास्त आहे. पण एक बारकावा. नियमित नोंदणीवाल्या दुकानदाराला जुन्या मालावर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट खात्यात मिळते. कंपोझिशनवाल्याला वजावट मिळतच नाही. त्याने १८ टक्के कर भरून माल आणलेला, आणि तो नव्या भावाने विकायचा म्हणजे फरक त्याच्या खिशातून, कंपनीने भरपाई दिली तरच सुटका. मोठ्या साखळीला कंपनी ती लगेच देते. गल्लीतल्या दुकानापर्यंत ती यायला एजन्सीवाल्याची मर्जी लागते.

तराजूवाला

अजून येतेच आहे.

उभी_नोकरी

मी एका मोठ्या साखळी दुकानात चार वर्षं होते. नाव नको. सकाळी नऊ ते रात्री आठ, मधे अर्धा तास जेवण, बाकी वेळ पायांवर. बसायला स्टूल नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला. रात्री पाय बादलीत घालून बसायचे तेव्हा वाटायचं, आपल्याकडे असं का नाही. साठ्यात घट आली की सगळ्या मजल्यावरच्या मुलींकडे संशयाने बघायचे. हे सगळं लिहून झाल्यावर पुढचं लिहिते.

त्याच नोकरीत मला पीएफ मिळाला, ईएसआयचं कार्ड मिळालं. आईचं ऑपरेशन त्या कार्डावर झालं. पगार दर महिन्याला बँकेत. आमच्या घराखालच्या किराणा दुकानात जो मुलगा आहे, तो गावाहून आलाय, पंधरा-सोळाचा असेल, सांगतो मात्र अठरा. रात्री दुकानातच पोत्यांवर झोपतो. त्याला सुट्टी अमावास्येला अर्धा दिवस. पगार विचारला तर "शेठ गावाला पाठवतात". महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानांना जवळपास सगळ्यातून मोकळं सोडतो. तिथे कोणी बघायला जात नाही.

तेव्हा लहान दुकान म्हणजे माणुसकी आणि मोठं म्हणजे यंत्र असं वाचलं की मला त्या मुलाचा चेहरा दिसतो. वीस रुपये घरपोचचे द्यायला माझी ना नाही. त्यातले किती त्या पोऱ्याला मिळतात, तेही विचारा.

तराजूवाला

ताई, आमच्याकडचा मुलगा अठरा वर्षांवरचा आहे आणि आमच्याच घरी जेवतो. पण तुम्ही लिहिलंय ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. बाजारपेठेत रोज दिसतं.

संपादक

सूचना: अमुक समाजाचे व्यापारी विरुद्ध मराठी माणसाची दुकानं या वळणावर गेलेले सात प्रतिसाद उडवले आहेत. त्या विषयावर आधीचे धागे भरपूर आहेत, तिथे तलवारी परजा. इथे किराणा.

रात्रपाळी

मी आयटीवाला, हिंजवडीला राहतो. दहा मिनिटांवाल्या ॲपवरून मागवतो, आणि समर्थन करत नाही, फक्त सांगतो. रात्री अकराला घरी येतो तेव्हा कोपऱ्यावरचं दुकान बंद असतं. डीमार्टलाही वेळ नाही. तिसरा पर्याय मला कोणी देत असेल तर सांगा.

रविवारपेठी

@रात्रपाळी, रात्री अकराला एकवेळ ठीक. पण आमच्या इमारतीत दुपारी चारला कोथिंबिरीची जुडी मागवतात, खाली भाजीवाली बसलेली असताना. ही गरज नव्हे.

डीमार्टने जे दहा-पंधरा वर्षांत केलं, ते ही ॲपं दोन-तीन वर्षांत करतायत. डीमार्टने महिन्याचं सामान नेलं, पण वरचं-खालचं आणायला लोक कोपऱ्यावरच जायचे. ॲपने नेमकं तेच वरचं-खालचं नेलं. वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये दावा केला, की वर्षभरात देशातली दोन लाख किराणा दुकानं बंद पडली. महासंघ या भांडणात स्वतः पक्षकार आहे, तेव्हा आकडा चिमटीत धरूनच घ्या. पण बंद शटर तर आपल्याला दिसतात ना? याच महासंघाने स्पर्धा आयोगाकडे तोट्यात विकण्याविरुद्ध तक्रारही केली आहे.

आणि स्वच्छतेचं कौतुक सांगणाऱ्यांसाठी: जून २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने धारावी आणि बालेवाडीतल्या अशा दोन गोदामांवर कारवाई केली होती. ॲपवरचं चित्र चकाचक असतं, माल कुठून निघाला ते आपण बघत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातलं झुरळ निदान दिसतं तरी.

आगाऊ_कार्टं

"दिसणारं झुरळ" हा किराणा दुकानाचा विक्रीमुद्दा म्हणून दुकानावर रंगवून घ्यावा.

बर्लिनवारी

इथे जर्मनीतून थोडं. अवांतर वाटेल पण नाहीये.

इथली सगळ्यात मोठी किराणा साखळी एडेका. पिवळा-निळा फलक, कुठल्याही गावात दिसते, माझ्या घराजवळही आहे. बरेच दिवस मला वाटायचं, एखादी अवाढव्य कंपनी असणार. मग दारावर मालकाच्या कुटुंबाचं आडनाव दिसलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की ही मुळात किराणा दुकानदारांची खरेदी सहकारी संस्था. १८९८ मध्ये बर्लिनमधल्या वाण्यांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी सुरू केली, कारण एकेकट्याला गिरणीवाला आणि साखरवाला भाव देत नव्हता. आजही हजारो दुकानं स्वतंत्र मालकांची आहेत, खरेदी आणि गोदाम सामायिक. वॉलमार्ट इथे १९९७ मध्ये आलं आणि २००६ मध्ये गाशा गुंडाळून गेलं.

शिवाय इथे कायदा आहे: बाजारात वरचढ असलेल्या दुकानाने खाद्यपदार्थ खरेदीच्या भावाखाली विकायचे नाहीत. रविवारी दुकानं बंद. म्हणजे माझ्यासारख्या ग्राहकाने दर वेळी मन मारून "लहान दुकान जगवू" असं ठरवायची वेळ त्यांनी येऊच दिली नाही. तराजूवाल्यांनी सांगितलेलं साबणाचं गणित ग्राहकाच्या चांगुलपणाने सुटणारं नाही. ते दुकानदारांनी एकत्र खरेदी केल्यानेच सुटेल, नाहीतर कायद्याने.

तराजूवाला

बर्लिनवारी, आमच्या तालुक्यात दोनदा प्रयत्न झाला. पहिल्यांदा तेल आणि साखर एकत्र आणली, ट्रक आला, माल उतरला, आणि मग गोदामाची किल्ली कोणाकडे यावरून वर्षभर बोलणं बंद. दुसऱ्यांदा एकाने आतल्या भावाने माल घेऊन समोरच्याच्या गिऱ्हाइकांना दोन रुपये कमीने विकला. आपल्याकडे साखर कारखाने सहकारी निघाले, दूध संघ निघाले, पण वाणी एकत्र येत नाहीत. प्रत्येकाला समोरचा दुकानदार हाच खरा शत्रू वाटतो. मोठी साखळी लांब आहे, तो समोर आहे.

संघात_मी

दुकानदार एकत्र येत नसतील तर ग्राहकांनी यावं. हे महाराष्ट्रात होऊन गेलंय आणि अजून चालू आहे, म्हणून लिहिते.

बिंदुमाधव जोशींनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. सुधीर फडके सुरुवातीच्या मंडळींत होते. पद्धत अशी: शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा एक संघ. महिन्याला छापील यादी येते, त्यात आपण आकडे भरायचे. पंचायत घाऊक खरेदी करते आणि ठरलेल्या दिवशी टेम्पो संघातल्या एका घरी सगळा माल उतरवतो. मग आम्हीच त्याची वाटणी करतो. दुकान नाही, जाहिरात नाही, नफा नाही.

आमच्या संघाचा माल माझ्या सासूबाईंच्या काळापासून आमच्याच हॉलमध्ये उतरतो. सोफा भिंतीला लावायचा, जमिनीवर चादर, प्रत्येक घराची थप्पी वेगळी. कोणाचं एक किलो पोहे कमी पडले की सगळ्या थप्प्या पुन्हा मोजायच्या. नव्या सुना सुरुवातीला वैतागतात: इथे ब्रँडची निवड नाही, मनात आलं तेव्हा मिळत नाही, महिन्याचा अंदाज आधी बांधावा लागतो. पण तो अंदाज बांधायला लागणं हीच तर ग्राहकाची जबाबदारी असं मला वाटतं. मोठं दुकान आणि ॲप दोघंही आपल्याला तेवढंच करू देत नाहीत. यादी करून गेलं तरी येताना प्लास्टिकचे डबे आणि बादली येतेच.

चार_पोळ्या

@संघात_मी, अंदाज बांधायला पैसे आधी हातात लागतात हो. आमच्याकडे ते हप्त्याने येतात. पण नाशिकमध्ये असं काही असेल तर मला खरंच हवंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

बादलीबद्दल मात्र काही बोलू नका. ती बादली चांगली निघाली.

घाटमाथा

सगळ्यांचं वाचलं. एकच गोष्ट राहिली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे मोठ्या दुकानाबाहेर चुन्याचे गोल आखून दोन-दोन तास रांगा. तेव्हा गल्लीतल्या दुकानदाराने यादी फोनवर घेतली, अर्धं शटर उघडून पिशव्या दिल्या, आणि ज्यांचा रोजगार बंद झाला होता त्यांना वहीवर दिलं. त्यातली बरीच वही कधीच वसूल झाली नाही. आमच्या गल्लीतली तर नाहीच झाली, मला नावं माहीत आहेत. मग सगळं सुरळीत झालं, आणि पहिल्याच महिन्यात नावं वहीत असलेली ती माणसं ट्रॉली ढकलताना दिसली. दुकानाच्या समोरून जायला नको म्हणून मागच्या रस्त्याने जायची.

रात्रपाळी

हे वाचून गप्प बसलो.

आगाऊ_कार्टं

भावनेचा भर ओसरला असेल तर एक शंका. टाळेबंदीत काही दुकानदारांनी एमआरपीच्या वर पैसे लावले होते, तेही लिहायचं का?

घाटमाथा

लिहा की. तेही झालं. आमच्याकडे तूरडाळीचा भाव दर दोन दिवसांनी वेगळा होता. ज्याने लावले, त्याच्याकडे आता मीही जात नाही. दुकान लहान आहे म्हणून माफी नाही. उलट लहान दुकानात मालक समोर असतो, त्याला तोंडावर सांगता येतं. मी सांगून आलो होतो.

गोदाकाठ

धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. माझ्यापुरतं काय ठरलं ते सांगतो.

चार_पोळ्यांचं पटलं: पैशाची ओढाताण असलेल्या घरावर "लहान दुकान जगवा" हे ओझं टाकायला माझी जीभ आता रेटणार नाही. ते माझ्यासारख्या दोन पगारांच्या घराने करायचं, आणि तेही उपकार म्हणून नाही. साबण-पावडर, टूथपेस्ट मी डीमार्टातूनच आणणार, तराजूवाल्यांनीच परवानगी दिली आहे. सुटा माल शेठकडून, रोखीने, पावती मागून. घरपोचचे पैसे विनातक्रार. आणि उभी_नोकरींनी सांगितलं म्हणून काल त्या पोऱ्याशी बोललो. वीसातले दहा त्याला मिळतात म्हणाला. शेठना विचारलं तर शेठ म्हणाले पंधरा. कोण खरं बोलतंय ते अजून कळलेलं नाही, पण विचारलंय हे दोघांनाही आता माहीत आहे.

बर्लिनवारींचा मुद्दा मात्र घशात अडकलाय. कंपनीने एकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा द्यायचा, आणि तो फरक भरून काढायची नैतिक जबाबदारी माझ्या पिशवीवर टाकायची, हा कुठला न्याय? यावर वेगळा धागा काढावा असं वाटतंय. हिशोबनीस, तुम्ही काढता का?

हिशोबनीस

मार्चअखेर होऊ द्या. सध्या मला माझ्याच घरचा किराणा आणायला वेळ नाही.

चार_पोळ्या

तराजूवाला, एक विचारायचं होतं. सुट्या मालाचं म्हणता, तर तूरडाळ पॉलिशची आहे की बिनपॉलिशची, हे काउंटरवर उभं राहून कसं ओळखायचं? पाकिटावर लिहिलेलं तरी असतं.

तराजूवाला

ताई, मूठभर हातावर घ्या. फार चकचकीत, सगळे दाणे एकसारखे पिवळेधमक आणि हाताला गुळगुळीत लागले तर पॉलिश. बिनपॉलिशची डाळ थोडी मळकट दिसते, हाताला किंचित पीठ लागतं. आधी पाव किलो न्या, शिजवून बघा, पटली तर जास्त न्या. दुकानदार मूठ घेऊ देत नसेल तर तिथून घेऊच नका. आणि काउंटरवर लाज वाटते म्हणालात ना, तर दुपारी दोन ते चार या. तेव्हा दुकानात कोणी नसतं, आम्हीही डुलक्या घेत असतो, सगळी पोती उघडून दाखवू.

वर्षाची डाळ भरायची असेल तर नवी लातूरची फेब्रुवारी-मार्चात येते, तेव्हा भाव जरा बसलेला असतो. पैसे एकदम नसतील तर दोन हप्ते चालतात. तुमच्या इथल्या दुकानदाराला विचारा, देईल. फक्त विचारायला पाच तारखेला जा, वीस तारखेला नको.